पुरातत्त्वातले मूळ शब्द आणि प्राचीन संस्कृतींची नावे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'जोर्वे संस्कृती', 'थर क्र. ४', 'काळी-आणि-तांबडी मृद्भांडी', 'आजपूर्व २८५० ± ४०'. संग्रहालयाच्या पाटीवर किंवा उत्खननाच्या बातमीत हे शब्द वाचकाला ठाऊक आहेत असे धरूनच लिहिलेले असतात. त्यांचा नेमका अर्थ काय आणि ते कुठे चकवतात, ते खाली दिले आहे. प्रश्न कुठूनही वाचता येतील. थरांबद्दलचे उत्तर मात्र आधी वाचलेले बरे, कारण बाकीचे बरेचसे त्यावरच उभे आहे.

पुरातत्त्वात 'संस्कृती' कशाला म्हणतात?

ठरावीक काळात, ठरावीक प्रदेशातल्या अनेक स्थळांवर पुन्हा पुन्हा एकत्र सापडणाऱ्या वस्तूंच्या आणि रीतींच्या संचाला. एका घाटाची भांडी, एका जातीची हत्यारे, घराची एक बांधणी, मृतांना पुरण्याची एक पद्धत. यांतली कोणतीही गोष्ट एकटी कुठेही सापडू शकते. त्या एकमेकींच्या सोबतीने वारंवार दिसू लागल्या, की त्या संचाला नाव द्यायची वेळ येते. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९२९ मध्ये ही कल्पना या स्वरूपात मांडली आणि तीच रूढ झाली.

पुढे १९६८ मध्ये डेव्हिड क्लार्क यांनी त्यात महत्त्वाची दुरुस्ती सुचवली : संचातली प्रत्येक गोष्ट प्रत्येक स्थळावर मिळायलाच हवी, असा आग्रह धरता येत नाही. बहुतेक स्थळांवर बहुतेक गोष्टी मिळाल्या तरी पुरते. प्रत्यक्ष कामात असेच घडते. दहा स्थळांपैकी दोन ठिकाणी दफने मिळत नाहीत, कारण खोदलेला भाग दफनांचा नव्हता. तीन ठिकाणी घरांच्या जमिनी नांगराने उखडलेल्या असतात. खापरे मात्र सगळीकडे असतात. म्हणून व्याख्या कितीही व्यापक केली, तरी व्यवहारात संस्कृती ओळखली जाते ती खापरांवरून.

मग 'सभ्यता' हा शब्द का वापरत नाहीत?

हिंदीत नगरे, लेखन, राज्यसंस्था असलेल्या समाजाला 'सभ्यता' म्हणतात. मराठीत सभ्यता म्हणजे चारचौघांत वागायची रीत. त्यामुळे मराठीत दोन्हींसाठी 'संस्कृती' हाच शब्द येतो आणि गोंधळ होतो. नगरांचा समाज सांगायचा असेल तर 'नागर संस्कृती' म्हणावे. हडप्पा नागर संस्कृती आहे. जोर्वे, म्हणजे महाराष्ट्रातल्या प्राचीन शेतकरी गावांची संस्कृती, तशी नाही. दोन्ही 'संस्कृती' आहेत म्हणून त्या एकाच मापाच्या होत्या असे समजू नये.

स्थळ, टेकाड आणि पांढर यांत फरक काय?

माणसाच्या वावराची खूण जिथे टिकली आहे ते स्थळ. चार दगडी छिलके पडलेली नदीकाठची जागाही स्थळच.

एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या वस्ती झाली, मातीची घरे पडली, त्यांच्यावर नवी उभी राहिली, की जमीन उंचावत जाते. तिला टेकाड म्हणतात. पश्चिम आशियात त्यालाच 'तेल' म्हणतात. 'पांढर' हा शब्द मराठीने या विद्येला आयता दिला आहे. शेतीची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे गावात कुणालाही ठाऊक असते. राख, चुना, शेण, हाडे आणि पडलेल्या भिंतींची माती यांमुळे जुन्या वस्तीची माती फिकट, भुसभुशीत होते. दख्खनच्या काळ्या जमिनीत असा फिकट पट्टा दिसला आणि त्यावर खापरे पसरलेली असली, तर स्थळ सापडलेच म्हणून समजा. अशी माती खत म्हणून शेतात टाकायला खणून नेतात. कित्येक टेकाडे त्यातच संपली.

पुरावस्तू आणि अवशेष हे एकच का?

नाही. उचलून नेता येते ती पुरावस्तू : मणी, कुऱ्हाड, खापर. उचलता येत नाहीत ते रचनावशेष : चूल, खांबाचा खळगा, धान्य साठवायचे पेव, भिंतीचा पाया. ते उचलायला गेले की नष्ट होतात. म्हणून त्यांची मोजमापे, रेखाटन आणि छायाचित्र जागेवरच करावे लागते. तिसरा गट नैसर्गिक अवशेषांचा : जळालेले दाणे, हाडे, शिंपले, परागकण. माणसाने ते घडवलेले नसतात, पण त्याच्या वावरामुळे तिथे आलेले असतात.

'संच' म्हणजे एका थरातून किंवा एका खड्ड्यातून एकत्र निघालेल्या वस्तू. 'उद्योग' हा शब्द फसवा आहे. त्याचा कारखान्याशी संबंध नाही; एकाच तंत्राने घडवलेल्या दगडी हत्यारांच्या समूहाला उद्योग म्हणतात. अश्मयुगाच्या बाबतीत घरे, भांडी, दफने फारशी हाती लागत नाहीत. नुसत्या हत्यारांवर 'संस्कृती' म्हणणे धाडसाचे ठरते, म्हणून जपून लिहिणारे तिथे 'उद्योग' किंवा 'परंपरा' म्हणतात.

थर म्हणजे काय? त्यांचे क्रमांक वरून मोजतात की खालून?

एका प्रक्रियेने, एका काळात साचलेली माती म्हणजे एक थर. रंग, पोत, घट्टपणा आणि आत काय मिसळले आहे, यांवरून तो वेगळा काढतात. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, हा मूळ नियम. सतराव्या शतकात निकोलस स्टेनो यांनी तो खडकांसाठी मांडला.

आता क्रमांक. खोदणारा वरून खाली जातो, म्हणून थरांना वरून क्रमांक पडतात : नांगरटीची माती थर १, तिच्याखालची २, असे. कालखंड मात्र घडले त्या क्रमाने मोजतात, म्हणजे खालून : सर्वांत जुना कालखंड पहिला. एकाच अहवालात दोन्ही क्रम उलटसुलट चालतात आणि नवा वाचक हमखास अडखळतो. तुर्कस्तानातल्या ट्रॉयची नगरे खालून मोजलेली आहेत. पहिले ट्रॉय सर्वांत जुने. इराकमधल्या उरुकच्या एआन्ना भागातले स्तर वरून मोजलेले आहेत, म्हणून तिथे चौथा स्तर तिसऱ्यापेक्षा जुना. कोणती रीत वापरली आहे, हे अहवालाच्या सुरुवातीला पाहून घ्यावे.

आणखी एक : थरांचे क्रमांक प्रत्येक खड्ड्यापुरते असतात. एका खड्ड्यातला थर ४ आणि वीस मीटरवरच्या खड्ड्यातला थर ४ एकच असतील असे नाही. ते जुळवणे हे स्वतंत्र काम आहे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी रूढ केलेल्या पद्धतीत चौरस खड्डे घेतात आणि त्यांच्यामध्ये साधारण मीटरभर रुंदीची माती न खोदता भिंतीसारखी ठेवतात. तिला बाल्क म्हणतात. तिच्या उभ्या छेदात सगळे थर डोळ्यांसमोर राहतात आणि शेजारच्या खड्ड्याशी ताडून पाहता येतात.

एक छेद जवळून पाहू. वर वीस सेंटिमीटर नांगरटीची माती. तिच्याखाली राखी रंगाचा, खापरांनी भरलेला थर २. मग पिवळसर, गठ्ठ्यागठ्ठ्यांचा थर ३. ही पडलेल्या भिंतींची माती. तिच्याखाली चोपून केलेली जमीन, जेमतेम चार बोटे जाड, हा थर ४. आणि मग काळी, निखळ मूळ माती. इथवर सरळ आहे. पण थर २ च्या काळात कुणीतरी पेव खणले आहे. ते थर ३ आणि ४ कापून मूळ मातीत उतरले आहे. खोदणाऱ्याने पेवाची कड ओळखली नाही, तर पेवातली खापरे थर ४ च्या पिशवीत जातात आणि सहाशे वर्षांनंतरचे भांडे सर्वांत जुन्या वस्तीत 'सापडते'. कड ओळखायच्या खुणा आहेत. पेवातली माती थापीला मऊ लागते, रंग जरा गडद असतो, खापरे आडवी न पडता तिरकी पडलेली असतात. छेदावर पाण्याचा हलका फवारा मारला की रंगातला फरक उठून दिसतो. शंका आली तर खोदणे थांबवून आडवी जमीन साफ करावी. वरून पाहिल्यावर पेवाचे वर्तुळ दिसते. उंदरांची बिळे आणि झाडांची मुळे हाच गोंधळ लहान प्रमाणात करतात. एकटा मणी किंवा दाणा म्हणूनच निर्णायक धरत नाहीत.

थरात नाणे सापडले, म्हणजे थराचे साल कळले ना?

अर्धेच कळले. नाणे ज्या वर्षी पाडले त्याच्या आधी तो थर साचलेला असू शकत नाही, एवढेच सांगता येते. नाणे शंभर वर्षे चलनात राहिले असेल, गाडग्यात पुरून ठेवले असेल. ही अट थर वरून बंद असेल तरच लागू पडते. वरून बीळ किंवा खड्डा आला असेल, तर तेवढेही सांगता येत नाही.

दूरच्या प्रदेशातून आलेली, काळ माहीत असलेली वस्तूही अशीच वापरतात. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडू इथे १९४५ मध्ये व्हीलर यांना इटलीतली अरेटाइन भांडी मिळाली. त्यांचा काळ युरोपात ठरलेला होता. त्यांच्या सोबतीची स्थानिक खापरे पकडून व्हीलर १९४७ मध्ये कर्नाटकातल्या ब्रह्मगिरीला गेले आणि तिथल्या संस्कृतींची कालरेषा आखली. युक्ती सुरेख होती, पण साखळी लांबली की चूक वाढते. त्या हिशेबात महापाषाणी (मोठ्या दगडांची थडगी बांधणारी) संस्कृती फक्त इ.स.पू. दुसऱ्या शतकापर्यंत मागे गेली. पुढे कार्बन मापनांनी (त्यांबद्दल 'आजपूर्व'च्या उत्तरात) दक्षिणेतल्या महापाषाणांची सुरुवात इ.स.पू. १००० च्या आसपास आणि काही ठिकाणी त्याहून मागे नेली.

संस्कृतीला नाव कशावरून देतात?

सर्वांत रूढ रीत गावाच्या नावाची. तो संच जिथे प्रथम नीट ओळखला गेला ते नामदर्शक स्थळ, आणि त्याचे नाव संस्कृतीला. प्रवरेकाठच्या जोर्व्याला १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले, त्यावरून जोर्वे संस्कृती. चीनमधले यांगशाव, ऑस्ट्रियातले हालस्टाट, स्वित्झर्लंडमधले ला तेन, अमेरिकेतले क्लोव्हिस, इराकमधले उबेद ही सगळी अशीच. दगडी हत्यारांच्या परंपरांनाही हाच न्याय : फ्रान्समधल्या सेंट अशूलवरून अशूलियन, ल मुस्तिएवरून मुस्तेरियन.

दुसरी रीत वस्तूवरून किंवा तिच्या नक्षीवरून. जपानच्या 'जोमोन'चा अर्थ दोरीचा ठसा. ओल्या मातीवर दोरी दाबून केलेली नक्षी. त्यानंतरच्या 'यायोई'चे नाव मात्र तोक्योतल्या एका वस्तीवरून आले, कारण तसे भांडे तिथे १८८४ मध्ये मिळाले. म्हणजे एकाच देशातले लागोपाठचे दोन कालखंड आणि नावांच्या तऱ्हा दोन. युरोपात रेषांकित भांड्यांची, घंटाकृती पेल्यांची, दोरीठशांच्या भांड्यांची अशा संस्कृतीच आहेत.

तिसरी रीत दफनावरून : मध्य युरोपातली अस्थिकुंभक्षेत्रांची संस्कृती, काळ्या समुद्राच्या उत्तरेची याम्नाया ('यामा' म्हणजे खड्डा), दक्षिण भारतातली महापाषाणी. चौथी प्रदेशावरून : माळवा संस्कृती. क्वचित काय नाही यावरून : जेरिको इथे कॅथलीन केन्यन यांना शेतीची सुरुवात झालेली पण भांडी नसलेली वस्ती मिळाली, तेव्हापासून 'मृद्भांडीपूर्व नवाश्मयुग' हे नाव चालते. आणि क्वचित दंतकथेवरून : क्रीटमधल्या क्नोसोसला १९०० मध्ये उत्खनन सुरू करणाऱ्या आर्थर इव्हान्स यांनी 'मिनोअन' हे नाव मायनॉस या पुराणकथेतल्या राजावरून रूढ केले.

नाव ऐकले की पहिला प्रश्न हा विचारावा : हे गाव आहे, भांडे आहे, थडगे आहे की गोष्ट? त्या संस्कृतीबद्दलचे ज्ञान कोणत्या टोकाने सुरू झाले ते लगेच कळते. थडग्यावरून नाव पडलेल्या संस्कृतीच्या वस्त्या बहुधा कमी खोदलेल्या असतात, हेही लक्षात ठेवावे.

नामदर्शक स्थळ म्हणजे त्या संस्कृतीचे सर्वांत मोठे स्थळ का?

नाही, फक्त पहिले. जोर्वे संस्कृतीतले रोजचे जगणे कळले ते घोड नदीकाठच्या इनामगावला, १९६८ ते १९८३ या दीर्घ उत्खननातून. हडप्पाच्या विटा तर लाहोर-मुलतान लोहमार्गाच्या भरावासाठी नेल्या गेल्या होत्या. शहराची रचना मोहेंजोदडोला कितीतरी स्पष्ट दिसते. पण हडप्पाचे उत्खनन १९२१ मध्ये सुरू झाले आणि मोहेंजोदडोचे त्यानंतर, म्हणून नाव हडप्पाचे.

कधी नाव चुकीनेही पडते. पॅसिफिकमधल्या लपिता संस्कृतीचे लोक सुमारे ३,००० वर्षांपूर्वी टोंगा आणि सामोआपर्यंत पोहोचले होते. न्यू कॅलेडोनियात १९५२ मध्ये उत्खनन करणाऱ्यांनी स्थानिक हावेके भाषेतला, 'खड्डा खणणे' अशा अर्थाचा शब्द गावाचे नाव म्हणून ऐकला आणि तोही चुकीचा ऐकला. ते नाव आजतागायत चालू आहे. नावाने काम भागते, मग ते बदलायचा खटाटोप कुणी करत नाही.

हे लोक स्वतःला काय म्हणत असत?

लेखन नसेल, किंवा असून वाचता येत नसेल, तर कळायला मार्ग नाही. 'जोर्वे लोक' हा सोयीचा शब्द आहे. त्या काळी जोर्वे हे नाव तरी होते का, तेही सांगता येत नाही.

इथेच या विषयातली सर्वांत मोठी चूक होते : भांडे म्हणजे वंश, भाषा, जमात असे धरणे. जर्मनीत गुस्ताफ कोसिना यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेमके हेच सूत्र मांडले, की वस्तूंच्या स्पष्ट सीमा म्हणजे लोकसमूहाच्या सीमा. नाझींनी ते शेजारच्या देशांच्या भूमीवर हक्क सांगायला वापरले. तेव्हापासून 'भांडी म्हणजे माणसे नव्हेत' हे वाक्य विद्यार्थ्यांकडून घोटून घेतले जाते. पण नुसते घोटूनही भागत नाही. घंटाकृती पेल्यांच्या संस्कृतीचा प्राचीन डीएनए २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा दोन्ही गोष्टी दिसल्या. आयबेरिया आणि मध्य युरोपातल्या पेलेवाल्यांचे एकमेकांशी फारसे नाते निघाले नाही. तिथे रीत पसरली, माणसे नाहीत. ब्रिटनमध्ये मात्र त्या पेल्यांसोबत आलेल्या लोकांनी आधीच्या लोकसंख्येची जागा जवळपास पूर्ण घेतली. एकच भांडे, दोन वेगळे इतिहास. भांड्यावरून आधी कळले असते असे कुणीही म्हणू नये.

भांड्याच्या नावाने संस्कृती ओळखली तर बिघडते काय?

'काळी-आणि-तांबडी मृद्भांडी' हे उत्तम उदाहरण. आत आणि काठाशी काळे, बाहेर तांबडे असे हे भांडे. भट्टीत उपडे ठेवले की आतल्या भागाला हवा मिळत नाही आणि तो काळा पडतो, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण देतात. राजस्थानातल्या आहाडला ते ताम्रपाषाणयुगात (तांबे आणि दगड दोन्ही वापरात असलेल्या काळात) आहे, दक्षिणेतल्या महापाषाणांत लोहयुगात आहे, इसवी सनाच्या आरंभीही आहे. दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकलेले हे भाजण्याचे तंत्र आहे. त्याला 'काळी-आणि-तांबडी संस्कृती' म्हणणे म्हणजे तव्याला संस्कृती म्हणण्यासारखे. उलट गंगेच्या खोऱ्यातली चित्रित करडी भांडी किंवा उत्तरी काळी झिलईदार भांडी काळाने आणि प्रदेशाने बऱ्यापैकी बांधलेली आहेत, म्हणून थर ओळखायला उपयोगी पडतात. तीही एकूण खापरांत थोडीच असतात. रोजची साधी तांबडी खापरे ढिगाने असतात.

खापर हातात घेतल्यावर नेमके काय पाहतात?

आधी धुतात, सावलीत वाळवतात, मग स्थळ, खड्डा, थर आणि तारीख शाईने आतल्या बाजूला लिहितात. रंगवलेल्या खापरावर ब्रश घासत नाहीत, रंग जातो. मग काठ, बूड, तोटी, कान असे घाट सांगणारे तुकडे वेगळे काढतात. पोटाच्या भागाचे तुकडे मोजून आणि वजन करून नोंदतात, कारण एकाच मडक्याचे ऐंशी तुकडे होऊ शकतात आणि नुसती संख्या फसवते.

जोर्व्याचे एक खापर घ्या. माती बारीक मळलेली, चाकावर घडवलेले, टिचकी मारली तर खणखणीत आवाज : भाजणी चांगली आहे. ताजा तुटलेला काठ पाहिला तर आतपर्यंत एकच रंग; मध्ये करडा गाभा नाही, म्हणजे भट्टीत हवा आणि उष्णता पुरेशी होती. तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात तिरप्या रेघा, चौकडी, डायमंड. काठापासून खाली येताना पोटाशी ठळक कंगोरा. काठाची वक्रता वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवली की वाडग्याचा व्यास मिळतो. उत्तर जोर्व्याचे खापर याच्या शेजारी ठेवा : भरड, रंगकाम कमी. शंभरेक तुकडे हाताळल्यावर हा फरक डोळ्यांआधी बोटांना कळतो.

'युग' आणि 'संस्कृती' यांचा संबंध काय?

युग ही तंत्राची पायरी, संस्कृती हा ठरावीक प्रदेशातला संच. कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या वस्तू लावताना ख्रिस्तियान थॉमसन यांनी अश्म, कांस्य, लोह ही तीन युगे पाडली आणि १८३६ मध्ये प्रसिद्ध केली. १८६५ मध्ये जॉन लबक यांनी अश्मयुगाचे पुराश्म आणि नवाश्म असे दोन भाग केले. मध्याश्मयुग आणि ताम्रपाषाणयुग नंतर आले.

युग सगळीकडे एकदम बदलत नाही. पश्चिम आशियात शेती सुरू झाली तेव्हा बाकी बहुतेक जग शिकारीवरच होते. सहाराच्या दक्षिणेला बहुतांश ठिकाणी अश्मयुगानंतर थेट लोहयुग येते. म्हणून 'कांस्ययुगात माणूस असा राहत होता' हे वाक्य कोणत्या प्रदेशातला हे सांगितल्याशिवाय निरर्थक आहे.

'पूर्व', 'प्रगत', 'उत्तर', किंवा अ-ब-क अशी विभागणी कशी करतात?

संच तोच, पण त्यात टप्प्याटप्प्याने बदल दिसतो तेव्हा. हडप्पा संस्कृतीचा प्रगत काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९००. त्याआधीचा तो पूर्व, नंतरचा तो उत्तर. इनामगावला पूर्व जोर्वे इ.स.पू. १४०० ते १०००, उत्तर जोर्वे १००० ते ७००. पूर्व काळात चौकोनी प्रशस्त घरे, उत्तर काळात लहान गोल झोपड्या. तरी लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घराच्या जमिनीखाली पुरण्याची रीत चालू राहिली, म्हणून नाव बदलले नाही. 'उत्तर'चा अर्थ इथे 'नंतरचे'. उत्तर दिशा नव्हे. हा गैरसमज वाटतो त्याहून जास्त आढळतो.

क्रम थरांवरून लावता येत नसेल तर घाटांच्या बदलावरून लावतात. फ्लिंडर्स पेट्री यांनी इजिप्तमधल्या सुमारे ९०० थडग्यांतल्या भांड्यांवरून असा क्रम लावला आणि १८९९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी आकडे ३० पासून सुरू केले. पुढे कधी याहून जुने काही सापडले तर जागा असावी म्हणून. इतका दूरचा विचार सगळ्यांनी केला नाही. हालस्टाटचे अ आणि ब हे भाग कांस्ययुगात पडतात, क आणि ड लोहयुगात, तरी चौघांना नाव एकच.

नवी संस्कृती जाहीर करायला किती पुरावा लागतो?

कुठे लिहिलेला आकडा नाही, पण अभ्यासक काय मागतात ते ठरलेले आहे. एकच स्थळ पुरत नाही. एका गावच्या कुंभाराची लहर असू शकते. निदान काही स्थळांवर तोच संच हवा. एका तरी ठिकाणी तो माहितीतल्या संस्कृतीच्या थरांखाली, वर किंवा मध्ये, शुद्ध थरात मिळायला हवा. गोदावरीच्या खोऱ्यातले दायमाबाद याच कारणाने मोलाचे : सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा आणि जोर्वे हे पाच कालखंड तिथे एकावर एक आहेत, त्यामुळे आधी-नंतरचा वाद राहत नाही. मग कार्बन मापने हवीत, एक नव्हे, अनेक. आणि भांड्यांखेरीज दुसरे काहीतरी : घर, दफन, हत्यार. हे नसेल तर 'मृद्भांडी प्रकार' म्हणून थांबावे.

नकाशावरची सीमा ही सापडलेल्या स्थळांभोवतीची रेघ असते. रेघेपलीकडे कुणी शोध घेतला आहे का, हे आधी विचारावे.

'आजपूर्व २८५० ± ४०' हे कसे वाचायचे?

आजपूर्व, म्हणजे बीपी, यातले 'आज' १९५० साली गोठवले आहे. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये कार्बन-१४ पद्धत जाहीर केली, त्याच सुमाराचे ते साल. सजीव मेला की त्यातला कार्बन-१४ ठरावीक गतीने घटतो; किती उरला ते मोजून वय काढतात. पण २८५० मधून १९५० वजा करून इ.स.पू. ९०० लिहिणे ही चूक आहे. हवेतले कार्बन-१४ चे प्रमाण सगळ्या शतकांत सारखे नव्हते, म्हणून हा आकडा झाडांच्या वर्तुळांवरून बनवलेल्या वक्राशी जुळवावा लागतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. तसे केल्यावर हा नमुना इ.स.पू. अकराव्या-दहाव्या शतकाच्या आसपास पडतो. शतकभराचा फरक. ± ४० चा अर्थ खरा आकडा त्या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के. ९५ टक्के हवी तर पट्टा दुप्पट. बातमीत ± गाळलेला असेल तर आकडा अर्धाच दिला आहे.

कार्बन-१४ चे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षे, पण प्रयोगशाळा अजूनही लिबींचे ५,५६८ वापरतात, जुने-नवे आकडे एका मापात राहावेत म्हणून. फरक कॅलिब्रेशनमध्ये भरून निघतो. पद्धतीची मर्यादा सुमारे ५०,००० वर्षे. इ.स.पू. ८०० ते ४०० या काळात वक्र जवळजवळ सपाट आहे, त्यामुळे त्या चार शतकांतले नमुने एकमेकांपासून वेगळे काढणे फार अवघड जाते.

नमुना घेतानाच बहुतेक चुका होतात. तुळईचा कोळसा घेतला तर झाड वाढले तेव्हाचे वय मिळते, घर जळाले तेव्हाचे नाही. जुने लाकूड दोनतीनदा वापरलेले असते. म्हणून जळालेला दाणा चांगला, तो एकाच हंगामाचा असतो आणि आजच्या यंत्रांना काही मिलिग्रॅम पुरतात. समुद्री शिंपला त्याच्या खऱ्या वयापेक्षा शेकडो वर्षांनी जुना दिसतो. नमुना स्वच्छ थापीने उचलून ॲल्युमिनियमच्या कागदात ठेवावा. कापूस किंवा कागद नको, त्यांत आजचा कार्बन असतो.

नावे नंतर बदलतात का?

बदलतात, पण सावकाश. अमेरिकेच्या नैर्ऋत्येतल्या प्राचीन रहिवाशांना 'अनासाझी' म्हणत. हा नवाहो भाषेतला शब्द. त्याचा अर्थ 'शत्रूंचे पूर्वज' असा सांगतात. प्वेब्लो लोक त्या रहिवाशांचे वंशज. आपल्या पूर्वजांना दुसऱ्यांनी दिलेले असे नाव त्यांनी का चालवून घ्यावे? आता 'पूर्वज प्वेब्लो' लिहितात. 'सिंधू संस्कृती' आणि 'हडप्पा संस्कृती' ही दोन्ही नावे चालतात. लोथल, धोलावीरा, राखीगढी सिंधूच्या खोऱ्याबाहेर असल्यामुळे पुरातत्त्वाच्या लेखनात 'हडप्पा' अधिक दिसते. जुना अहवाल वाचताना त्या काळचे नाव आणि आजचे नाव शेजारी लिहून ठेवावे.

शेतात किंवा खोदकामात खापरे दिसली तर?

उचलू नका. शेजारी पट्टी किंवा पेन ठेवून वरून एक आणि परिसरासह एक असे छायाचित्र घ्या. जागेचे अक्षांश-रेखांश, खोली आणि मातीचा रंग लिहा. खड्ड्याच्या भिंतीत थर दिसत असतील तर त्याचेही छायाचित्र घ्या. ते खापरांपेक्षा मोलाचे. मग जवळच्या पुरातत्त्व विभागाला किंवा विद्यापीठाच्या विभागाला कळवा. पिशवीत भरून आणलेल्या खापरांवरून घाट सांगता येतो, थर सांगता येत नाही.